दुसऱ्या कंपनीची गोळी

नागपूरच्या नंदनवनात सायन्सची ट्यूशन कुठे चांगली, असं कोणी विचारलं की लोक हेडाऊंच्या घराकडे बोट दाखवत. वंदना हेडाऊ केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली, तीही फर्स्ट क्लासमध्ये. लग्नानंतर नोकरी केली नाही, पण पुढच्या खोलीत फळा लावून तिने बत्तीस वर्षं दहावीच्या पोरांना शिकवलं. आम्ल कोणतं, अल्कली कोणती, हे ती अशा आवाजात सांगे की शेजारच्या कोहळ्यांच्या म्हातारीलाही पाठ झालं होतं. बाई हुशार, असं सगळे म्हणत. वंदना वरवर नको-नको म्हणे, पण तिला ते पटलेलंच होतं.

नवरा धर्मेंद्र औषधकंपनीत एमआर. एमआर म्हणजे काय, हे सोयरिकीच्या वेळी तिच्या वडिलांना समजलं नव्हतं. ‘डॉक्टरांना औषधं समजावून सांगतो,’ असं मध्यस्थाने सांगितल्यावर त्यांना वाटलं, जावई डॉक्टरांपेक्षाही शिकलेला असला पाहिजे. मे महिन्यात, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं अशा उन्हात, गळ्यात टाय आणि हातात काळी बॅग घेऊन हा माणूस स्कूटरवरून निघायचा. भंडारा, तुमसर, गोंदिया, मौदा, रामटेक असा त्याचा टूर असे. दवाखान्याच्या बाहेर पेशंटच्या बाकावर दोन-दोन तास बसायचं आणि आत दोन मिनिटं बोलायचं. त्या दोन मिनिटांची तालीम आदल्या दिवशी घरी व्हायची.

“वंदना, चाल, डॉक्टर हो.”

“भाजी करपेल माझी.”

“दोन मिनिटं वं. उद्या गोंदियाचा टूर आहे, तो डॉक्टर लय टेढा आहे.”

मग वंदना त्याचा चष्मा नाकावर चढवून खुर्चीत बसायची आणि आवाज जाड करायची. “बोला हेडाऊ, लवकर बोला. पेशंट बसून राहिले बाहेर.”

धर्मेंद्र उभा राहून बोलायला लागायचा आणि शेवटी बॅगेतून दोन गोळ्या काढायचा. एक त्यांच्या कंपनीची तापाची गोळी, दुसरी बाजारातली स्वस्त. काचेचे दोन ग्लास पाण्याने भरून टेबलावर ठेवलेले असत. दोन्ही गोळ्या एकदम टाकायच्या. त्यांची गोळी पाण्यात पडताच फुलायची, भुरभुरायची आणि मिनिटभरात तिचा ढग व्हायचा. दुसरी तळाशी बसून राही, गोटीसारखी.

“सर, हे जर ग्लासात विरघळून नाही राहिलं, तर पेशंटच्या पोटात काय विरघळणार? स्वस्त म्हणजे खडू, सर.”

लहानगी मेघा टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून मोठ्याने आकडे मोजायची. आपल्या गोळीचा ढग झाला की टाळ्या वाजवायची आणि दुसरीकडे बोट दाखवून विचारायची, “ही खडूची आहे ना बाबा?”

“हो बेटा, खडूची.”

त्या ग्लासांनी घर चालवलं, मेघाचं इंजिनिअरिंग केलं आणि शहराबाहेर बेसाला एक प्लॉटही घेऊन दिला. धर्मेंद्रला तीनदा बेस्ट परफॉर्मरची ढाल मिळाली होती. त्या तिन्ही ढाली वंदना दर दिवाळीला लिंबाने घासायची.

मेघाला मिहानमधल्या एका आयटी कंपनीत नोकरी लागली, त्याच्या दुसऱ्या वर्षी तिला सारखा थकवा जाणवायला लागला. पोट भरल्यासारखं वाटे. रात्री अंगाला घाम यायचा. वंदनाला वाटलं, शिफ्टची नोकरी, बाहेरचं खाणं. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी इतक्या निघाल्या की लॅबवाल्याने फोन करून पुन्हा नमुना मागितला. रक्ताचा कॅन्सर होता, पण हळूहळू वाढणारा, गोळीने धरून ठेवता येणारा. डॉक्टरीणबाई बोलायला स्पष्ट होत्या. म्हणाल्या, “याला बीपी-शुगरसारखं समजा. रोज एक गोळी. लग्न करा, नोकरी करा, काही अडत नाही. फक्त एक दिवसही चुकवायची नाही.”

गोळी एकाच परदेशी कंपनीची होती. दवाखान्याच्या खालच्या मेडिकलमध्ये फ्रिजशेजारच्या कुलपाच्या कपाटात ती ठेवलेली असे. महिन्याची एक डबी, आणि एका डबीची किंमत धर्मेंद्रच्या शेवटच्या पगारापेक्षा जास्त. ऑफिसचा विमा पहिल्या वर्षातच संपला. मग वंदनाच्या बांगड्या गेल्या, मग धर्मेंद्रच्या फंडातला मोठा भाग गेला. पण मेघाचा रिपोर्ट दर तीन महिन्यांनी सुधारत होता. वाईट पेशींचा आकडा एकाच्या खाली, दशांश चिन्हाच्या पलीकडे गेला, तेव्हा वंदनाने गल्लीत पेढे वाटले. कशाचे, ते कोणाला सांगितलं नाही. मेघाचं लग्न व्हायचं होतं. गल्लीत ‘थायरॉइड’ एवढंच माहीत होतं.

दीड वर्ष असं गेलं. मग एका तपासणीत डॉक्टरीणबाई आपणहून म्हणाल्या, “एक चांगली बातमी आहे. या गोळीचं पेटंट संपलं. आपल्याकडच्या चार-पाच कंपन्यांनी ती काढली आहे, दहाव्या हिश्शाच्या किमतीत. पुढच्या महिन्यापासून ती सुरू करू.”

वंदना ताठ बसली. “मॅडम, आम्ही पैशासाठी काही म्हटलं का?”

“तुम्ही नाही म्हटलं. मी म्हणते आहे. औषध तेच आहे, कंपनी फक्त दुसरी.”

चिठ्ठी घेऊन दोघं खाली आली, आणि पार्किंगमध्ये येताच वंदना त्याच्यावर घसरली. “पाहिलं? आपल्याकडे पाहून बोलली ती. मी सांगत होती, ती रबरी चप्पल घालून नका येऊ. त्यांना वाटलं असेल, हे काही झेपणारे नाहीत.”

“तसं नाही वं. लय पेशंट घेऊन राहिले आता ती गोळी.”

“घेत असतील. ज्यांच्याकडे दुसरा उपाय नाही ते घेतील.”

तरी बेसाच्या प्लॉटला गिऱ्हाईक पाहायची वेळ आलेली होती, म्हणून ती गोळी बघायला तयार झाली. खालच्या मेडिकलमध्ये चिठ्ठी दाखवली तर पोराने मान हलवली. “ही नाही ठेवत आम्ही. आधीचीच घ्या ना, तिचे रिझल्ट चांगले आहेत.” धंतोलीतल्या आणखी दोन दुकानांत हेच झालं. एकाने तर असं नाव ऐकलंच नाही म्हणून सांगितलं. मग धर्मेंद्रने स्कूटर जरीपटक्याकडे वळवली. तिथे भैय्याजींचं होलसेलचं दुकान होतं. भैय्याजी सिंधी, पासष्टीचे, पांढरा लेंगा-झब्बा. धर्मेंद्रला ते तीस वर्षांपासून ओळखत होते. स्वस्त औषधांचा धंदा त्यांचा, आणि तो मोडायचं काम धर्मेंद्रचं.

“अरे वा! हेडाऊ साहेब! आज सूरज किधर से निकला?” चिठ्ठी वाचून भैय्याजी आणखी मोठ्याने हसले. “जेनेरिक? तुम्ही? भाभीजी, विचारा यांना, मेरा कितना माल बंद करवाया इस आदमी ने. तुमसरमध्ये एक डॉक्टर माझी गोळी लिहायचा, त्यालेही यांनी फोडला.”

“भैय्याजी, पोरीसाठी आहे,” धर्मेंद्र हळू म्हणाला.

भैय्याजींचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी नोकराला बाजूला केलं, स्वतः आत गेले आणि एक पाकीट घेऊन आले. “कल मंगवाके रखा था एका पेशंटसाठी. तुम्ही घेऊन जा, त्याला मी उद्या देईन. चांगली कंपनी आहे. बाहेरच्या देशात जाते हीच गोळी.” पैसे त्यांनी खरेदीच्या भावाने घेतले.

वंदनाला मात्र आठवत राहिलं ते त्यांचं आधीचं हसणं. दोघं घरी आली. मेघा ऑफिसात होती. वंदनाने स्वयंपाकघरातून काचेचा ग्लास आणला, माठातलं पाणी भरलं, पाकीट फाडून एक गोळी काढली आणि टाकली.

“हे काय करून राहिली?” धर्मेंद्र म्हणाला.

“पाहून राहिली.”

गोळी तळाशी बसली. पाच मिनिटं झाली. तिने गॅसवर कुकर ठेवला, तीन शिट्ट्या झाल्या. गोळी जशीच्या तशी. फक्त कडेने जराशी रंग सोडत होती. वंदनाने ग्लास उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

“पाहा. खडू.”

“कोटिंग असते वं गोळीवर. थंड्या पाण्यात अशी नाही...”

“मग गोंदियाच्या डॉक्टरले तुम्ही काय चहात टाकून दाखवत होते?”

धर्मेंद्रने तोंड उघडलं. तो काहीतरी सांगणार असं तिला वाटलं, तिने वाटही पाहिली. पण त्याने तोंड मिटलं, शर्टाच्या खिशातून खर्र्याची, तंबाखू-सुपारीची पुडी काढली आणि तळहातावर घोटत-घोटत तो बाहेर कंपाउंडच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. नवऱ्याला आपलं म्हणणं पटलं, असा अर्थ वंदनाने घेतला. तीस वर्षं ज्याने हेच शिकवलं तो आज काय बोलणार?

दोन गोष्टींची तुलना करायची तर दोन्ही सारख्याच पाण्यात टाकून बघायच्या, एवढं ती सातवीतल्या पोरालाही सांगायची. पण मेघाच्या डबीतली एक गोळी पाण्यात वाया घालवायची म्हणजे दीड हजार रुपये मोरीत ओतायचे. ते तिच्या मनातही आलं नाही.

उरलेलं पाकीट कपाटावर टाकून दिलं गेलं. बेसाचा प्लॉट पंधरा दिवसांत विकला. सह्या करून आल्यावर धर्मेंद्र जेवला नाही. मेघाने आईला विचारलं, “प्लॉट विकला?” वंदना म्हणाली, “तुझ्यापेक्षा प्लॉट मोठा आहे का? आणि हे पाहा, त्या स्वस्त गोळ्या आणल्या होत्या तुझ्या बाबांनी. मी ग्लासात टाकून पाहिली. अर्धा तास तशीच!” मेघा हसली. लहानपणी हनुवटी टेकवून बसायची ते तिला आठवलं असावं.

दसऱ्यानंतर मेघानेच एक आनंदाची बातमी आणली. गोळीच्या कंपनीने योजना काढली आहे म्हणे, एक डबी विकत घेतली की पुढच्या महिन्याची फुकट. ऑफिसच्या पत्त्यावर येते, तिथेच सही करून घ्यावी लागते. वंदनाने हात जोडले. “बघा! मोठी कंपनी ती मोठी कंपनी. पेशंटची काळजी असते त्यांना. तुमच्या भैय्याजीची कंपनी देईल का फुकट?” धर्मेंद्रला अशा योजना माहीत होत्या. त्याने मान हलवली. चार-सहा महिने तरी श्वास घ्यायला मिळाला, असं त्याला वाटलं असेल.

मेघा गोळी ऑफिसातच घ्यायची, दुपारी चार वाजता, कारण घरून ती अकराला निघे आणि जेवणाच्या वेळांशी गोळी जुळवावी लागे. वंदना रोज चारला मोबाइलवर एकच शब्द लिहायची, ‘गोळी?’ आणि मेघाकडून अंगठा यायचा. ट्यूशनच्या पोरांनाही माहीत झालं होतं, चार वाजता बाई फळ्याकडे पाठ करून मोबाइल पाहतात आणि मगच पुढचं समीकरण लिहितात.

संक्रांतीच्या सुमाराला रिपोर्ट आला. आकडा दशांश चिन्हाच्या अलीकडे आला होता, आणि नुसता अलीकडे नाही, चांगला मोठा होऊन आला होता. डॉक्टरीणबाईंनी जुना कागद आणि नवा कागद शेजारी-शेजारी ठेवला.

“गोळी रोज चालू आहे?”

“रोज, मॅडम,” वंदना म्हणाली. “चारच्या ठोक्याला. मी स्वतः मेसेज करते.”

“मी मेघाला विचारते आहे.”

मेघाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. “एक दिवसाआड.”

“कधीपासून?”

“दसऱ्यापासून.”

वंदनाला आधी शब्दच कळले नाहीत. “काय एक दिवसाआड? फुकटची डबी येते ना तुझी?”

“नाही येत, आई. तशी काही योजना नाही. एक डबी दोन महिने पुरवत होती मी.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला. “अगं, मग मी स्वस्त गोळी लिहून दिली होती ना? तीच घ्यायची होतीस, स्वतःच्या पगारातून झाली असती तुझी!”

“ती खडूची असते ना,” मेघा म्हणाली. चोवीस-पंचवीस वर्षांची, कॉम्प्युटरवर अमेरिकेतल्या बँकेचं काम बघणारी मुलगी, इतक्या सरळ आवाजात बोलली की डॉक्टरीणबाईंना ती थट्टा करते आहे का, ते कळेना.

“कोणी सांगितलं तुला हे?”

धर्मेंद्र भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होता. कॅलेंडर एका औषधकंपनीचं होतं. टेबलावरचं घड्याळ एका कंपनीचं होतं, पेनस्टँड दुसरीचं.

“गोळी पोटात विरघळते,” डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या. “आणि ती कशी विरघळते, किती वेळात रक्तात उतरते, ते तपासल्याशिवाय कंपनीला ती विकता येत नाही. आजपासून रोज. कोणत्याही कंपनीची घ्या, पण रोज. आणि एक तपासणी लिहून देते. पेशींनी आपलं रूप बदललं आहे का, ते बघावं लागेल.”

तिघं घरी आली. दार लावल्याबरोबर वंदना मुलीवर तुटून पडली. “मले खोटं बोलली तू? रोज अंगठा पाठवत होती? मी तो अंगठा पाहून जेवत होती वं, मेघा!”

“आई, तुम्ही प्लॉट विकला. पुढे घर विकलं असतं. मी डोकं चालवलं होतं ना. रोज खडू खाण्यापेक्षा एक दिवसाआड खरी गोळी बरी. निदान अर्धं औषध तरी पोटात जाईल.”

“अर्धं औषध! इंजिनिअर झाली आणि...” इंजिनिअरच्या आईने काय केलं होतं, ते तिला त्याच क्षणी दिसलं असावं. ती आत गेली, दोन ग्लास घेऊन आली. कपाटावरचं पाकीट काढलं, मेघाच्या पर्समधली डबी काढली.

“नको टाकू,” धर्मेंद्र म्हणाला.

“काहून?”

“दोन्ही तशाच राहतील.”

तिने टाकल्या. दीड हजारांची एक आणि दीडशेची एक. दोन्ही तळाशी गेल्या आणि दोन्ही तशाच बसून राहिल्या. कडेने दोन्ही जरा-जरा रंग सोडत होत्या. वंदना घड्याळाकडे न पाहता उभी राहिली. मेघा मात्र पाहत होती, मोठ्याने आकडे न मोजता.

“बाबा,” मेघा म्हणाली, “मग आपली ती तापाची गोळी कशी विरघळायची?”

धर्मेंद्र खुर्चीत बसला. “तिच्यावर कोटिंग नव्हतं. ताजी असायची. कधी कधी नखाने जराशी चिरून ठेवायचो.” त्याने चष्मा काढला. “आणि दुसरी गोळी स्कूटरच्या डिक्कीत असायची. दोन उन्हाळे काढलेली. दगड होते मग तिचा.”

“सगळेच असं करत होते?” वंदनाने विचारलं. तिला तो हो म्हणायला हवा होता.

“सगळ्यांचं मले माहीत नाही. मी करत होतो.”

“मग त्या दिवशी बोलले काहून नाही? याच टेबलापाशी. मी वाट पाहून राहिली होती तुमची.”

“बोललो असतो तर तुझ्यासमोर खोटा पडलो असतो. तूच एक होती वं. कंपनीले माहीत होतं, डॉक्टरांनाही माहीत असन. तूच एक ते खरं समजून घासत होती, त्या ढाली.” त्याने एक ग्लास आपल्याकडे ओढला. “मले वाटलं, महाग का होईना, चांगलीच गोळी घेऊन राहिली पोरगी. पैसाच जाईल. पैशाचं काय?”

वंदनाला ओरडायचं होतं. पण मग तिला स्वतःलाही विचारावं लागलं असतं, की फर्स्ट क्लास केमिस्ट्रीवाल्या बाईला तीस वर्षांत एकदाही दुसऱ्या गोळीची एक्स्पायरी बघावीशी का वाटली नाही. ढग होताना बघायला तिलाही आवडत होतं. त्या ढगावर तिचं घर उभं होतं.

त्याच दिवशी धर्मेंद्र जरीपटक्याला जाऊन तीन महिन्यांच्या गोळ्या घेऊन आला. आता मेघा कामावर निघण्याआधी वंदना गोळी स्वतः हातात देई आणि ती गिळून होईपर्यंत तोंडाकडे बघत राही. मेघा जीभ बाहेर काढून दाखवायची. “गेली. बघ. टॉर्च आणू का?” हसायची. वंदना हसत नसे. एकही दिवस चुकला नाही. असे तेवीस दिवस गेले.

तेविसाव्या दिवशी तपासणीचा रिपोर्ट आला. पेशींनी रूप बदललं होतं. या गोळीला आता त्या ओळखू येत नव्हत्या, परदेशी कंपनीची असो की देशी.

“गोळ्या चुकल्यामुळे झालं का हे?” वंदनाने विचारलं.

“त्यामुळेही असेल. रोज घेऊनही काही जणांत होतं. आता खात्रीने सांगता येणार नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी कदाचित दयेने तसं म्हटलं असेल, पण वंदनाला ते शिक्षेसारखं लागलं. ‘हो’ म्हणाल्या असत्या तर निदान धरायला काहीतरी सापडलं असतं. “एक नवी गोळी आहे. या बदललेल्या पेशींवर चालते. ती सुरू करू.”

नवी गोळी एकाच कंपनीची होती. वंदनाने किंमत विचारली नाही. विचारलं ते दुसरंच. “हिची जेनेरिक?”

“अजून नाही.”

मदतीचे अर्ज होते. ते धर्मेंद्र भरत बसला, एका संस्थेचा, एका ट्रस्टचा. प्रत्येक अर्जावर व्यवसाय लिहायचा रकाना होता. वंदना मात्र दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता ऑटो करून जरीपटक्याला गेली. पिशवीत तिने उरलेली सगळी पाकिटं घेतली होती, न फाडलेली. आणि नव्या गोळीची चिठ्ठी.

भैय्याजींनी चिठ्ठी चष्म्याखालून वाचली, चष्म्यावरूनही वाचली. “भाभीजी, ही नाही माझ्याजवळ. नागपुरातच नाही, किसी के पास नहीं. एकाच कंपनीची येते.”

“दुसऱ्या कंपनीची?”

“निघालीच नाही ना अजून. पेटंट आहे.”

“केव्हा निघन?”

“सात-आठ साल.”

“तुम्ही कुठूनही मागवा. दिल्लीहून, मुंबईहून. कोणत्याही कंपनीची चालेल मले, भैय्याजी. कोणतीही.”

भैय्याजी काउंटरवर बोटं फिरवत राहिले. मग त्यांनी तिच्या पिशवीकडे पाहिलं. तिने पाकिटं काढून ठेवली. वापस घेणार का, हे तिला विचारावं लागलं नाही. त्यांनी एकेक उलटून तारीख पाहिली आणि ड्रॉवर उघडून नोटा तिच्या पुढे सरकवल्या.

मागे एक माणूस उभा होता. मौद्याकडचा असावा, अंगावर तिथल्या वीजकेंद्रातल्या ठेकेदाराने दिलेला निळा शर्ट. त्याने खिशातली चिठ्ठी काढली. भैय्याजींनी ती वाचली, हातातल्या पाकिटांकडे पाहिलं आणि त्यातली दोन त्याच्यापुढे ठेवली. “घ्या. हीच आहे. तुमचं नशीब, आजच मिळाली. दवाखान्याच्या भावाचा दहावा हिस्सा.”

माणसाने पाकीट हातात घेतलं, वजन केल्यासारखं. मग वंदनाकडे वळला. “बाई, हे असली असते ना जी? लय सस्ती आहे म्हणून विचारून राहिलो. पोराले द्याची आहे.”

“असली आहे,” वंदना म्हणाली. “एकदम चांगली आहे. रोज द्या. एक दिवसही नका सोडू.”

“तुमच्याही घरी हेच चालू आहे का?”

“हो.”

“मग तुम्ही काहून वापस करून राहिल्या?”

वंदनाने तोंड उघडलं. आता ही गोळी कशी लागू पडत नाही, पेशी कशा बदलतात, दोष गोळीचा कसा नव्हता, हे सगळं तिला सांगता आलं असतं. दहावीच्या पोरांना याहून अवघड गोष्टी तिने समजावल्या होत्या. पण सुरुवात ‘माझ्या मुलीला’ अशी करायची होती, आणि तिने रिकाम्या पिशवीची घडी घालायला घेतली.

माणसाने क्षणभर वाट पाहिली. तिच्या डोळ्यांकडे पाहिलं, हातातल्या पाकिटाकडे पाहिलं. मग त्याने दोन्ही पाकिटं हळूच काउंटरवर ठेवली.

“राहू द्या शेठ,” तो म्हणाला. “ते दवाखान्यातलीच घेतो मी. महाग तर महाग.”

“अरे भाऊ, ऐका तर...” भैय्याजी काउंटरवरून वाकले. तो पायऱ्या उतरला होता. वंदना त्याच्या मागे धावली. ऑटो, हातठेले, रेडिमेडवाल्यांच्या आरोळ्या, त्या गर्दीत निळा शर्ट तिला दोनदा दिसला. “ओ भाऊ!” ती ओरडली. “ओ मौद्याचे भाऊ!” तिसऱ्यांदा तो दिसला नाही.